हॅवलॉकच्या रिसॉर्टवर चार दिवस: आधी भरती-ओहोटी बघा, मग पॅकेज

पहिल्यांदा अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर गेलो तेव्हा रिसॉर्टच्या व्हरांड्यात उभी राहून आई म्हणाली, "अरे, समुद्र कुठाय?"

फोटोत निळंशार पाणी नारळाच्या बुंध्यापर्यंत आलेलं होतं. समोर मात्र दोनेकशे पावलं ओली वाळू, काळपट खडक, शेवाळलेली डबकी आणि फार लांबवर एक निळी रेघ. दुपारचे अडीच वाजले होते आणि ओहोटी लागलेली होती. मी फुशारकीने चपला काढून त्या रेघेकडे निघालो आणि मेलेल्या पोवळ्याच्या दगडावर पाय पडून टाच कापून घेतली. पोवळ्याची जखम लवकर भरत नाही. चार दिवसांतले दोन दिवस मी मीठ-पाण्यापासून पाय वाचवत आरामखुर्चीत बसून काढले.

दुसऱ्या खेपेला मी हॉटेल, फेरी, विमान यातलं काहीही बुक करण्याआधी भरती-ओहोटीचा तक्ता काढला. बेट तेच आणि माणसंही तीच, पण सुट्टी वेगळीच झाली. पुढचं सगळं त्या दुसऱ्या खेपेवर बेतलेलं आहे.

नावांचा गोंधळ आधी संपवू. हॅवलॉकचं नाव डिसेंबर २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, शेजारच्या नीलचं शहीद द्वीप, आणि पोर्ट ब्लेअर सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झालं. कागदोपत्री नवी नावं आणि रिक्षावाल्याच्या तोंडी जुनी, असा प्रकार आहे. बुकिंग शोधताना दोन्ही टाकून बघा. मी इथे बोलण्यातलीच वापरतो.

तारखा ठरवताना पंचांग हाताशी ठेवा

डिसेंबर ते एप्रिल हा चांगला काळ. मेच्या उत्तरार्धात नैर्ऋत्य मोसमी पाऊस येतो आणि परतीचा पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतो. पावसात बेट सुंदरच दिसतं, पण फेऱ्या रद्द होतात, पाणी गढूळ होतं, आणि ज्यासाठी एवढ्या लांब आलो ते पाण्याखालचं जग दिसतच नाही.

महिना ठरला की भिंतीवरचं कालनिर्णय उतरवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी खूप वर चढतं आणि खूप लांब ओसरतं. अष्टमीनंतरच्या दिवसांत भांगाची भरती असते, तेव्हा चढ-उतार कमी असतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर भांगाचे दिवस बरे, कारण पाणी दिवसभर त्यातल्या त्यात हाताशी राहतं. दुसरीकडे, रात्री चमकणारं पाणी बघायचं असेल (त्याबद्दल पुढे) तर अंधार हवा. दोन्ही साधायचं तर वद्य दशमीच्या सुमारास पोचा. चंद्र मध्यरात्र उलटून उगवतो, त्यामुळे संध्याकाळ अंधारी मिळते, आणि उधाण अजून दोन-चार दिवस लांब असतं. माझ्या मते हॅवलॉकसाठी यापेक्षा चांगला मुहूर्त नाही.

कोकणातल्या वाचकांसाठी एक सूचना. तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायची आपली रीत, अष्टमीला सहा वाजता वगैरे, इथे लावू नका. तो हिशोब आपल्या किनाऱ्याचा आहे. अंदमानचा तक्ता वेगळा, तो इंटरनेटवर पोर्ट ब्लेअरच्या नावाने मिळतो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते हे मात्र तिथेही खरं. चारही दिवसांच्या वेळा एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. रिसॉर्टच्या स्वागतकक्षात विचारलंत तर "सर, मॉर्निंग में अच्छा रहता है" एवढंच उत्तर मिळेल.

दुसरं घड्याळ सूर्याचं. अंदमानात वेळ भारतीय प्रमाणवेळेचीच, पण बेटं मुंबईपासून जवळपास वीस रेखांश पूर्वेला. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, एप्रिलमध्ये साडेपाचला. सकाळ त्याच हिशोबाने लवकर होते. आपल्याकडची सुट्टी, म्हणजे नऊला नाश्ता, अकराला बाहेर, चारला चहा घेऊन "चला समुद्रावर", इथे नेली तर अर्धा दिवस फुकट जातो. चारचा चहा संपेपर्यंत ऊन कलंडलेलं असतं. पहिल्याच दिवसापासून पाचला उठा आणि रात्री नऊला झोपा. दोन दिवसांत अंगवळणी पडतं.

रिसॉर्ट कुठल्या बाजूचं घ्यायचं

हॅवलॉकच्या किनाऱ्यांना नंबर आहेत. जेट्टी एक नंबरला, बाजार तीन नंबरला म्हणजे गोविंदनगरला, पाच नंबर म्हणजे विजयनगर, सात नंबर म्हणजे राधानगर. शिवाय श्यामनगर आणि कृष्णनगरही आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारने १९५०च्या दशकात इथे जमिनी देऊन वसवलं, त्या काळापासूनची ही गावं. म्हणून बेटावर बोली बंगाली, जेवण बंगाली आणि शेतात सुपारी, नारळ, केळी. हिंदी सगळ्यांना येतं.

बहुतेक रिसॉर्ट पूर्व किनाऱ्यावर आहेत, दोन ते पाच नंबरच्या पट्ट्यात. सूर्योदय खोलीतून दिसतो, भरतीला पाणी तळ्यासारखं शांत असतं, बाजार आणि डायव्हिंगची दुकानं जवळ. तोटा तोच, ज्याने माझी टाच कापली: ओहोटीला समुद्र निघून जातो. पश्चिमेला राधानगर. पायाखाली मऊ वाळू, ओहोटीतही पोहता येईल असं पाणी आणि सूर्यास्त. पण तिथे मोजकी रिसॉर्ट आहेत, महाग आहेत, आणि जेट्टीपासून बारा किलोमीटर आत असल्याने दर वेळी बाजारात यायला गाडी लागते.

मी पूर्वेला राहून राधानगरला जाणं पसंत करतो. खर्च निम्म्यावर येतो आणि दोन्ही बाजू मिळतात. मात्र बुकिंगच्या आधी फोन करून तीन गोष्टी विचाराच. ओहोटीला खोलीसमोर काय दिसतं, आणि त्या वेळचा फोटो पाठवाल का? (नाही म्हणाले तर तेच उत्तर समजा.) वीज गेली तर जनरेटरवर एसी चालतो की फक्त पंखा? आणि तिन्ही वेळचं जेवण गळ्यात मारताय की फक्त नाश्ता? फक्त नाश्ता घ्या. बाजारातल्या बंगाली खानावळीत डाळ, भात, भाजी आणि मोहरीतल्या माशाचं ताट मिळतं, त्याची सर रिसॉर्टच्या 'मल्टी-क्युझिन'ला नाही. शाकाहारी मंडळींची आबाळ होत नाही, पण दहा भाज्यांतून निवडायची अपेक्षा ठेवू नका. बराच माल बोटीने येतो.

पोचणं

पोर्ट ब्लेअरच्या वीर सावरकर विमानतळावर उतरायचं, तिथून फेरी. खासगी फेऱ्यांना दीड ते अडीच तास लागतात. सरकारी फेरी स्वस्त आणि संथ, पण तिच्या डेकवर उभं राहता येतं, वाऱ्यात. खासगी फेरीत एसीच्या बंद डब्यात बसून समुद्र काचेतून बघायचा. ज्यांना बोट लागते त्यांनी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास गोळी घ्यावी, पोट भरून खाऊ नये आणि मागच्या बाजूची, मधली जागा घ्यावी. मूळ ओळखपत्र हाताशी ठेवा, ते बॅगेच्या तळाशी असलं की मागे रांग खोळंबते.

परतीचं एकच सांगतो, पण ते ऐका: हॅवलॉकहून निघायचं आणि त्याच दिवशी विमान पकडायचं, असं कधीही करू नका. समुद्र खवळला की फेरी रद्द होते, आणि विमान कंपनीला त्याच्याशी देणंघेणं नसतं. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्ये ठेवा. तसंही सेल्युलर जेल बघितल्याशिवाय मराठी माणूस परत येत नाही. सावरकर बंधू जिथे होते त्या कोठड्यांसमोर उभं राहायला घाईचा अर्धा तास पुरत नाही, तो वेळ या मुक्कामात आपोआप मिळतो.

पहिली दुपार: राधानगर, तीनच्या आत

सामान टाकून, अंग धुऊन थेट राधानगर. स्कूटर भाड्याने मिळते, वाहन परवाना सोबत हवा. रस्ता सुपारीच्या बागा आणि जंगलातून जातो. घरातल्या मोठ्यांसाठी रिक्षा ठरवा, पण परतीची वेळ आणि थांबण्याचे पैसे निघतानाच बोलून घ्या. संध्याकाळी सात नंबरवरून एकदम सगळं बेट परत निघतं.

या किनाऱ्याला 'टाइम' मासिकाने २००४ साली आशियातला सर्वोत्तम म्हटलं, आणि २०२० साली त्याला स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारा 'ब्लू फ्लॅग' मिळाला. हे दोन्ही फलक वाचून लोक प्रवेशद्वाराजवळच्या पन्नास पावलांत गर्दी करतात. तुम्ही उजवी-डावीकडे दहा मिनिटं चाला. मागे समुद्री महुआची उंचच उंच झाडं, पुढे पिठासारखी वाळू, आणि माणूस नाही. पाण्यात मात्र चालत गेलात तिथे उतरू नका. पोहण्यासाठी आखून दिलेला पट्टा जीवरक्षकांच्या समोर आहे, परत येऊन तिथेच उतरा. लाट साधी दिसली तरी परतणाऱ्या पाण्याला ओढ असते. कधी आत ओढले गेलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरका. ओढ अरुंद असते, सुटते.

उजव्या हाताला, लगूनच्या बाजूला, मगरींचे फलक आहेत. ते थट्टेवारी नेऊ नका. अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातली मगर आहे आणि २०१० साली याच बाजूला स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं) करणारी एक अमेरिकन पर्यटक मगरीच्या हल्ल्यात गेली. आखलेल्या पट्ट्यात आणि दिवसाउजेडी पोहणं, एवढा नियम पाळला की पुरे.

सूर्य बुडाला की नव्वद टक्के लोक पाठ फिरवून रिक्षाकडे धावतात. पंधरा मिनिटं थांबा. आकाशाचा खरा रंग त्यानंतर येतो, आणि वाळूतले शंख चालायला लागतात. एकेका शंखात एकेक खेकडा, दुसऱ्याच्या टाकलेल्या घरात बिऱ्हाड केलेला. माझी आठ वर्षांची भाची एकाच्या मागे गुडघ्यांवर रांगत गेली होती. तो थांबला की ती थांबायची. वाळूतल्या माश्या याच वेळी चावतात. डोळ्यांना दिसत नाहीत, दुसऱ्या दिवशी घोट्यांवर लाल पुरळ उठतं आणि आठवडाभर खाजतं. लांब पँट घाला, पायांना खोबरेल चोपडा, ओल्या वाळूवर पंचा टाकून लोळू नका.

दुसरा दिवस: तोंड पाण्यात घालायला शिका

इथे घाई करू नका, कारण हॅवलॉकच्या निम्म्या आनंदाची किल्ली एका मास्कमध्ये आहे. लोक थेट एलिफंट बीचला जातात. तिथे बोटवाला रबरी रिंगमध्ये बसवतो, दहा-पंधरा मिनिटं ओढत नेतो, "वो देखो निमो" म्हणतो, आणि नाकातोंडात पाणी गेलेला माणूस काही न बघताच परत येतो. आदल्या दिवशी, भरतीच्या वेळी, रिसॉर्टसमोरच्या कमरेएवढ्या पाण्यात अर्धा तास सराव केला तर हे होत नाही.

सराव असा. मास्कचा पट्टा न लावता तो चेहऱ्याला टेकवा आणि नाकाने श्वास ओढा. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. केस कडेत अडकले तर पाणी शिरणार, तेव्हा कपाळावरचे केस मागे सारा. मिशा असतील तर थोडं पाणी येईलच. मिशांवर व्हॅसलिन लावलं तर कमी होतं, हा माझ्या मेव्हण्याचा शोध, आणि तो खरा निघाला. काचेच्या आतून थुंकी चोळून खळबळून टाका, धुकं धरत नाही. किळस वाटते, पण सगळे डायव्हर हेच करतात.

मग नळी तोंडात धरून, उभं राहूनच, नुसता चेहरा पाण्यात घाला. आईचं वय तेव्हा एकसष्ट. पहिल्या तीन वेळा ती दोन सेकंदांत वर आली. "श्वास कोंडतो," म्हणाली. कोंडत नव्हता, नाक बंद झाल्याचं मनाला पटत नव्हतं. शेजारच्या पोरसवदा गाइडने तिला सांगितलं, "मासिमा, गिनती करो. चार तक अंदर, छे तक बाहर." चौथ्या वेळी ती आकडे मोजत राहिली. वीसपर्यंत, पन्नासपर्यंत. मग अचानक तिचा हात पाण्यातून वर आला आणि बोट खाली दाखवू लागलं, चेहरा मात्र आतच. खाली एक पोपटमासा पोवळं कुरतडत होता. तो कटकट आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. पोवळं खाऊन तो जे टाकतो तीही वाळूच. हे सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हणजे कालपासून आपण कशावर बसलोय!"

नळीत पाणी शिरलं तर घाबरून नळी काढू नका, जोरात "फू" करा. तरंगत पुढे गेलात की पाय खाली टेकवायचा नाही, खाली जिवंत पोवळं आहे. त्याला तुमच्या पायाचा त्रास होतो आणि तुमच्या पायाला त्याचा. हे समजायला मी एक अख्खी सुट्टी दिली आहे.

सराव झाला की एलिफंट बीच. जेट्टीवरून बोटीने पंधरा-वीस मिनिटं, किंवा राधानगरच्या रस्त्यावरून जंगलातली पाऊलवाट, साधारण चाळीस मिनिटं. चालता येत असेल तर चाला, पण सकाळी. पाऊस पडून गेला असेल तर वाट चिकट होते आणि जळवा लागतात. बोटीने जायचं तर पहिल्या फेरीला जा. दहानंतर किनाऱ्यावर जत्रा असते, आणि ढवळलेल्या पाण्यात दिसतंही कमी. किनाऱ्यावर उन्मळून पडलेले, पांढरे पडलेले महाकाय ओंडके दिसतील, ते २००४च्या त्सुनामीने पाडलेल्या झाडांचे. बोटवाल्याला सांगा, "रिंग नाही, फक्त सोबत चल आणि वेळ दुप्पट दे." थोडे जास्त पैसे मोजा. जेट स्की, बनाना बोट यांवर मी पैसे घालणार नाही, ते मालवणला आणि गोव्यातही आहे.

उन्हाचं विसरू नका. पालथं तरंगताना पाठ आणि पोटऱ्या भाजून निघतात, आणि पाणी गार असल्याने कळत नाही. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घातला तर सनस्क्रीन कमी लागतं. पोवळ्यांच्या दृष्टीनेही तेच बरं.

स्कूबा: दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, शेवटच्या दिवशी नाही

पोहता येत नसलं तरी स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली जाण्याचा, पहिला अनुभव घेता येतो. एक प्रशिक्षक एका माणसाला धरून खाली नेतो, जास्तीत जास्त बारा मीटरपर्यंत, आणि बहुतेक वेळा त्याहून कमी. वय किमान दहा वर्षं. आधी एक वैद्यकीय फॉर्म भरायचा असतो. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण यांपैकी काहीही असेल तर खरं लिहा. पैसे भरले म्हणून "नो, नो, नो" अशी टिकमार्क करत जाणारे लोक मी पाहिले आहेत. सर्दी असेल तर दिवस पुढे ढकला.

दुकान निवडताना भाव शेवटी विचारा. आधी विचारा: पाण्यात एका प्रशिक्षकामागे किती जण? उथळ पाण्यात सराव किती वेळ? किनाऱ्यावरून उतरायचं की बोटीवरून? नवख्यांना बहुधा किनाऱ्यावरूनच नेतात, दोन-तीन नंबरच्या पट्ट्यातल्या निमो रीफला, आणि ते भरतीच्या वेळेवर ठरतं. सकाळी साडेसहाची वेळ दिली तर कुरकुर करू नका, त्यामागे पाण्याचं कारण असतं.

खाली जाताना खरी अडचण कानांची. पाण्याचा दाब पहिल्या काही मीटरांतच झपाट्याने वाढतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कान मोकळे होतात. दुखायला लागल्यावर नाही, त्याच्या आधी, दर हातभर खोलीला. एक कान अडला तर तळवा आडवा हलवून दाखवा आणि त्या कानाकडे बोट करा. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ "झकास" नसून "मला वर जायचंय" असा आहे. माझा मेव्हणा पहिल्या मिनिटाला उत्साहाने अंगठा दाखवून बसला आणि प्रशिक्षकाने त्याला इमानेइतबारे वर आणून सोडलं. झकाससाठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करतात.

आणि श्वास कधीही रोखून धरू नका, विशेषतः वर येताना. हा एकच नियम प्रशिक्षक पुन्हा पुन्हा सांगेल, तो कंटाळवाणा वाटला तरी ऐका.

डायव्हनंतर विमानात बसायला निदान अठरा तास, शक्यतो पूर्ण चोवीस तास जाऊ द्या. शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो. म्हणून स्कूबा शेवटच्या दिवशी ठेवायचं नाही.

रात्रीचं पाणी

संध्याकाळी सातनंतर, किंवा पहाटे उजाडण्याआधी, कायाकमधून कांदळवनाच्या कडेने नेतात. वल्हं पाण्यात घातलं की निळसर ठिणग्या उडतात. पाण्यातले सूक्ष्म जीव हलवल्यावर चमकतात. मुंबईच्या किनाऱ्यावरही हिवाळ्यात कधीमधी अशा निळ्या लाटा दिसतात, पण इथे अंधार गडद आहे. शुद्ध पक्षाच्या चांदण्यात मात्र यातलं काहीही दिसत नाही, आणि तरी पौर्णिमेच्या आसपासही तिकिटं विकली जातात. म्हणून पंचांग. गाइडशिवाय जायचं नाही, लाइफ जॅकेट काढायचं नाही, आणि हात पाण्यात घालायचा तर आधी गाइडला विचारून.

मोबाइलवर फोटो येत नाही. अर्धा तास खटपट करून मग फोन ठेवण्यापेक्षा तो खोलीतच ठेवा.

मधल्या दुपारी

अकरा ते दोन काही करू नका. झोप, शहाळं, पुस्तक, झोका. मुलांना किनाऱ्यावरची डबकी दाखवायला ओहोटी उत्तम, तीही रबरी बुटांसह आणि दगड न उलटता. काही चावलं-डसलं तर जागा समुद्राच्याच पाण्याने धुवा, वाळूने चोळू नका, आणि दुखणं वाढलं तर सरळ दवाखाना. एटीएम मोजके आहेत, रोख रक्कम पोर्ट ब्लेअरहून आणा. चेन्नईहून समुद्राखालची केबल २०२०मध्ये आली तेव्हापासून इंटरनेट बरं आहे, तरी रिसॉर्टच्या भरवशावर ऑफिसची मीटिंग ठेवू नका.

पोहणारा हत्ती बघायचाय असं अजूनही कोणीतरी विचारतं. लाकूडकामासाठी बेटांवर आणलेल्या हत्तींपैकी राजन हा पोहणारा म्हणून प्रसिद्ध झाला होता. तो २०१६ साली गेला.

सूर्योदयासाठी एक सकाळ कालापत्थरची ठेवा. काळे खडक, हिरवट पाणी, आणि तिथल्या टपरीवरचा चहा. एक दिवस जास्तीचा असेल तर नील. तिथली गावं लक्ष्मणपूर, भरतपूर, सीतापूर, म्हणजे कृष्णाच्या बेटावरून रामाच्या बेटावर. लक्ष्मणपूर दोन नंबरला दगडाची नैसर्गिक कमान आहे, तिच्यापर्यंत फक्त ओहोटीतच चालत जाता येतं. भरतीला पोचलेले लोक लांबून फोटो काढून "काही खास नाही" म्हणत परततात. तुमच्या पाकिटातला कागद इथे कामी येईल.

निघताना

मुलांचे खिसे आणि आईची पर्स तपासा. किनाऱ्यावरचं पोवळं आणि शंख नेता येत नाहीत, कायद्याने मनाई आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. तिथे पिशवी उघडून वाद घालण्यापेक्षा किनाऱ्यावरच ठेवलेलं बरं.

आईने तिसऱ्या संध्याकाळी पाच शंख गोळा करून व्हरांड्यातल्या साबणाच्या डबीत ठेवले होते. "बघायला फक्त, नेणार नाहीये." सकाळी डबीत चार उरले होते. व्हरांड्याच्या पायरीवरून वाळूत उतरलेली बारीक टिंबटिंब रेघ पार नारळापर्यंत गेली होती. आईने उरलेले चारही नेऊन त्याच रेघेच्या टोकाशी ठेवले आणि चहा घेत अर्धा तास त्यांच्याकडे बघत बसली. एक हलला.